हिमोग्लोबिनला मराठीत काय लिहू? (वाचकांचे प्रश्न)

आपल्या बरोबरीच्या पोरापोरींसाठी आरोग्याबद्दल लिहिणारे विद्यार्थी असतील तर पत्र टाका, काय अडतंय ते सांगा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. बरीच पत्रं आली, जास्त करून खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि बेळगाव शहरातली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम दिली नाहीत.

प्रश्न (खानापूर तालुका): ताई नमस्कार, मी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. आमच्या जुन्या हायस्कूलातल्या नववी-दहावीच्या मुलींसाठी दोन पानं लिहायची आहेत, विषय शाळेत देतात त्या लोहाच्या निळ्या गोळ्या. ओळखीच्या एका सरांनी तपासून दिलं, त्यांनी हिमोग्लोबिनच्या जागी ‘रक्तरंजक द्रव्य’ आणि ॲनिमियाच्या जागी ‘रक्ताल्पता’ घातलं. धाकट्या बहिणीला वाचायला दिलं तर दुसऱ्याच ओळीला थांबली आणि म्हणाली, हे परीक्षेला आहे काय. मग हिमोग्लोबिनला मराठीत काय लिहू?

उत्तर: हिमोग्लोबिनच लिही. सरांनी मनापासून तपासलं असणार, त्यांचे आभार मान, पण ह्या बाबतीत बहिणीचं ऐक. शब्द शुद्ध आहे का ह्यापेक्षा तो घरात बोलतात का ते बघ. आपल्याकडे आजीसुद्धा ‘शुगर वाढलंय’, ‘बीपीची गोळी संपली’ असंच म्हणते, आशाताई ‘हिचं रक्त नऊ आहे’ म्हणतात आणि समोरच्या बाईला ते कळतं. ‘रक्त कमी आहे’ हा शब्द घरात तयार असताना रक्ताल्पता कशाला पाहिजे? फक्त एक सांभाळ, रक्त कमी म्हटलं की बऱ्याच मुलींना वाटतं अंगातलं रक्तच आटलंय, आता बाटली चढवायला लागणार, आणि त्या घाबरतात. तेव्हा पहिल्या चार ओळीत एकदा स्वच्छ सांगून टाक की रक्त बहुतेक वेळा तेवढंच असतं, त्याच्यातलं हिमोग्लोबिन कमी झालेलं असतं.

आणि हिमोग्लोबिन म्हणजे काय ते आपल्या रस्त्यावरचंच दाखव की. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्या बघतेस ना, रक्तातली लाल पेशी ही तशी ट्रॉली धर, छातीतून ऑक्सिजन भरून घ्यायचा आणि पायाच्या बोटापर्यंत, डोक्यापर्यंत पोचवायचा. ट्रॉलीत ऑक्सिजन धरून ठेवायचं काम हिमोग्लोबिनचं. त्याच्या एका रेणूत लोहाचे ४ अणू असतात आणि त्या चौघांवर ४ ऑक्सिजन बसतात. लोहच नसेल तर शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन तयार करता येत नाही, ट्रॉली अर्धी रिकामी धावते, मग माल तेवढाच पोचवायचा तर खेपा वाढवाव्या लागतात, म्हणून जिना चढला की छाती धडधडते, दम लागतो, दुपारच्या तासाला डोळे मिटायला लागतात आणि घरचे म्हणतात पोरगी आळशी झाली. हे शेवटचं वाक्य नक्की घाल. ते वाचलं की मुलीला कळतंय की हे आपल्याबद्दल आहे.

आता गोळीचं. मागे एका शाळेत मुलींशी बोलायला गेले होते, खानापूरच्या बाजूलाच, पावसाळ्यात. मुलींच्या वर्गाची मागची खिडकी उघडी होती, तिच्या बाहेरच्या कट्ट्यावर गजांच्या खाली ओळीनं निळ्या गोळ्या पडलेल्या, काही पावसानं फुगून फुटलेल्या, आणि भिंतीवरून खाली निळे ओघळ गेलेले. बाई गोळी देतात, मुली तोंडात धरतात, पाणी पिल्यासारखं करतात आणि बाई पाठमोऱ्या झाल्या की खिडकीतून बाहेर. मी रागावले नाही, का टाकता म्हणून विचारलं, तर पहिल्यांदा कुणीच बोलेना, मग एकीनं सुरुवात केली आणि धडाधड सगळ्याच बोलायला लागल्या. मळमळतं. तोंडाला लोखंडाचा वास येतो. संडास काळी होते, आतून काहीतरी बिघडलंय असं वाटतं. आणि सगळ्यात हळू आवाजात एक मुलगी म्हणाली, ही खाल्ली की पुढं मूल होत नाही म्हणतात.

तुझी दोन पानं ह्या चार वाक्यांचीच असायला पाहिजेत. ‘लोहाचे महत्त्व’ अशी सुरुवात केलीस तर तीही खिडकीतून बाहेर जातील. मळमळ होते हे खरं आहे, ते आधी कबूल कर, मग सांग की जेवल्यावर घेतली तर पुष्कळ कमी होते, उपाशीपोटी घेऊ नको. संडास काळी होते कारण जे लोह अंगात घेतलं जात नाही ते बाहेर पडतं, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. मूल न होण्याची गोष्ट साफ खोटी आहे, उलट गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात लोहाच्याच गोळ्या देतात, हे एकदा सांगितलं की ती अफवा मुलींच्या आपोआप लक्षात येते. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी, कारण पोटात आकडीजंत असले तर ते आतून रक्त पितात आणि वरून कितीही लोह घाला पुरत नाही. गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर चहा नको, किमान तासभर अंतर ठेवायचं, चहा लोहाला अंगात जाऊ देत नाही. लिंबू पिळलेली भाजी, पेरू, आवळा हे उलट मदत करतात. बिटाबद्दलही लिही, ते लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं सगळीकडे चाललंय, पण बिटात लोह थोडंच असतं, अळीव आणि राजगिऱ्याची पालेभाजी त्याच्यापेक्षा कितीतरी बरी.

आकडा एकच दे. देशपातळीवरच्या २०१९ ते २०२१ मधल्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींमध्ये शंभरातल्या ५९ जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. वर्गात चाळीस मुली असतील तर साधारण चोवीस, असा हिशोब करून दाखव, म्हणजे एकटी मीच अशक्त असं कुणाला वाटणार नाही. आणि शेवटी हेही लिहायलाच पाहिजे की आठवड्याची गोळी ही रक्त कमी होऊ नये म्हणून आहे, तपासणीत १२ च्या खाली आलं असेल तर त्याचे उपचार वेगळे, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारायचे, कारण प्रत्येक वेळी कारण लोहच असतं असं नाही. पाळीत खूप जात असेल, दर दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल तर तेही अंगावर काढू नको, सांग, असं लिही. पाळीला पाळीच म्हण, ‘लांब बसणं’ नको.

तू ‘मी शिकतो’ लिहिलंस ते मी तसंच छापलंय. आपल्याकडच्या बायका असंच बोलतात, आणि तुझ्या पानांमध्येही तेच बोलणं राहू दे.

प्रश्न (बेळगाव शहर): मी एमबीबीएस तिसऱ्या वर्षाला आहे, घर संकेश्वरकडे. कोर्समध्ये आम्हाला गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात, तिथं जाऊन आलो की वाटतं ह्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांसाठी मराठीत काहीतरी लिहावं. पण दहावीनंतर सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, आता सोपं करायला गेलो की चुकीचं होतंय आणि बरोबर लिहायला गेलो की माझ्या मित्रालाच कळत नाही. काय करू?

उत्तर: तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊया. २००६ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय साप्ताहिकात एक अभ्यास छापून आला, तो बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतला होता, बेळगावच्या जेएनएमसी ह्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेला. १६२० बायका, बाळंतपण घरी नाहीतर उपकेंद्रात, आणि सोबत गावची नर्सबाई. बाळ झाल्यावर निम्म्या जणींना रक्तस्राव रोखायची मिसोप्रोस्टॉल ह्या औषधाची गोळी दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कुठली द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. औषध नसलेल्या गटात शंभरातल्या १२ जणींना अर्धा लिटर किंवा जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ जणींना.

आता हे मित्राला कसं सांगशील? ‘रक्तस्राव जवळजवळ निम्म्यानं कमी झाला’ हे खरंच आहे, पण एवढंच लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल सगळ्या बायकांना रक्तस्राव होत होता आणि निम्म्या वाचल्या. ‘शंभरातल्या बाराऐवजी सहा-सात’ लिहिलंस की खरं चित्र येतं. त्याहून सोपं म्हणजे, अठरा बायकांना गोळी दिली तर त्यातल्या एकीचा रक्तस्राव टळला. हे कुणालाही कळतं, आणि चुकीचंही नाही. सोपं करणं म्हणजे अट गाळणं नव्हे, अटसुद्धा सोप्या भाषेत सांगणं. ह्या गोष्टीतली अट अशी की गोळी बाळ झाल्यावर, ठरलेल्या मात्रेत, शिकलेल्या नर्सबाईच्या हातून दिली होती. ही गोळी भलत्या वेळी, कुणाला न विचारता घेतली तर बाईच्या जिवावर बेतू शकतं, त्यामुळं तुझ्या लेखात गोळीचं कौतुक आणि हे वाक्य एकाच परिच्छेदात पाहिजे, पुढच्या पानावर नको, कारण लोक पानाचा फोटो काढून पुढं पाठवतात आणि दुसरं पान मागंच राहतं. थंडी वाजून येणं, थोडा ताप हे त्रास काही जणींना झाले तेही लिही.

एक सवय लावून घे. लिहायला बसायच्या आधी मित्राला तोंडी सांग, फोन रेकॉर्डिंगला लावून. तू तोंडी जे बोललास तेच उतरवून काढ, मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त कर. पुस्तकावरून मराठी करत बसलास तर वाक्याचा सांगाडा इंग्रजीच राहतोय, ‘रुग्णाद्वारे औषध घेतले गेले पाहिजे’ असलं काहीतरी. आपण म्हणतो ‘गोळी घ्यायची’.

प्रश्न (निपाणी परिसर, शिक्षक): आमच्या शाळेत मुलं दर महिन्याला आरोग्यावर भित्तिपत्रक काढतात. गेल्या वेळी फिट्सवर काढलं, माहिती चांगली होती, पण एका मुलानं सुरुवातीला ‘आपल्या शाळेतल्या एका मुलीला प्रार्थनेच्या वेळी फिट आली होती’ असं लिहिलं. नाव नव्हतं. तरी सगळ्यांना कळलं. ती मुलगी चार दिवस झाले शाळेला येत नाही. मुलाचा हेतू वाईट नव्हता, तो स्वतः रडला. मी काय करावं?

उत्तर: सर, पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, त्या मुलीसाठी आणि त्या मुलासाठीही. पहिलं काम, तो कागद आजच्या आज उतरवा. दुसरं, तुम्ही स्वतः तिच्या घरी जा, तिच्याशी आणि आई-वडिलांशी बोला, शाळेची चूक झाली असं स्पष्ट शब्दांत सांगा, मुलाला पुढं करू नका, तपासायची जबाबदारी आपली मोठ्यांची होती. मुलीच्या घरात पहिली काळजी लग्नाची असणार, ती बोलून दाखवली तर ऐकून घ्या, लगेच उपदेश नको. तिला फिट्सच्या गोळ्या चालू आहेत का, संपल्या म्हणून मध्येच बंद तर नाही ना, हे हळूच विचारा. नीट निदान आणि नियमित गोळ्या असतील तर फिट्सच्या रुग्णांतले शंभरातले सत्तरपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि घरच्यांना हे बऱ्याचदा कुणी सांगितलेलंच नसतं.

मुलांना पुढच्या वेळी एवढं सांगा की शहरात नाव गाळलं की माणूस लपतो, गावात नाही लपत. ‘शेवटच्या घरातले एक आजोबा’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते. त्यामुळं आपल्या शाळेतली, गल्लीतली, नात्यातली गोष्ट लिहायचीच नाही, ज्याची आहे त्यानं स्वतः लिहिली आणि घरच्यांनी होकार दिला तरच. उदाहरण पाहिजेच असेल तर सरळ ‘समजा’ म्हणून लिहायचं, समजा एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला फिट आली, तुम्ही काय कराल.

आणि खरंच हेच लिहायला लावा. मुलगी परत येईल तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाला हे येत असू दे. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर किंवा काहीतरी मऊ, गळ्याचं बटण सैल, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा नको, चप्पल हुंगवायची नाही, हातात किल्ली द्यायची नाही, फिट आपली आपण थांबते म्हणून चपलेनं थांबली असं वाटतं. एकानं घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली किंवा लगेच दुसरी आली तर १०८. शुद्धीवर आली की भोवती गर्दी नको, एक मैत्रीण जवळ बसली की पुरे.

प्रश्न (बेळगाव तालुका): आमच्या पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात अर्धी मुलं मराठी माध्यमातनं आलेली, अर्धी कन्नड. आरोग्याचं पान कुठल्या भाषेत काढावं?

उत्तर: दोन्ही भाषेत, एकाच कागदावर शेजारी शेजारी, आणि दोघांनी मिळून लिहायचं, एकानं लिहून दुसऱ्यानं भाषांतर करायचं असं नको. सोबत बसलात की मजा दिसते, रक्त तिकडंही रक्तच, उलटीला वांती आपल्याकडंही म्हणतात आणि कन्नडमध्येही वांतीच, आपली गोळी त्यांची गुळिगी. असे दोन्हीकडं चालणारे शब्द आधी वेचून घ्या. खाली छोटी चौकट ठेवा, पोट दुखतंय म्हणजे होट्टे नोवु, डोकं दुखतंय म्हणजे तले नोवु, खोकला म्हणजे केम्मु, कारण सरकारी दवाखान्यात समोरच्या सिस्टर कन्नड बोलणाऱ्या असल्या की आपली मुलं सांगायचं ते अर्धवट सांगून परत येतात, हे मी खूप वेळा बघितलंय.

प्रश्न (चिक्कोडी तालुका, वसतिगृह): आम्ही अकरावीची पाच मुलं मिळून कुत्रं चावल्यावर काय करावं ह्यावर एक पान केलंय, सोबत पाठवतोय. माहिती व्हॉट्सॲपवरनं आणि आजोबांना विचारून घेतली. बरोबर आहे काय बघा.

उत्तर: पान बघितलं. अक्षर आणि चित्र छान आहे, पण हे लावू नका, दोन वाक्यं जिवाशी खेळणारी आहेत. ‘जखमेवर लगेच हळद, चुना किंवा तिखट भरावं’ हे काढून टाका. त्याच्या जागी लिहा, साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं. रेबीजचा विषाणू सुरुवातीला जखमेतच असतो, साबणानं त्याचं वरचं आवरण विरघळतं आणि पाण्यानं तो वाहून जातो, तिखट भरलं तर तो आतच राहतो आणि जखम चिघळते. ‘कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं, मेलं तरच इंजेक्शन घ्यावं’ हेही चूक आहे. दहा दिवस लक्ष ठेवायचं ते खरं, पण इंजेक्शन त्याच दिवशी सुरू करून. कारण एकदा रोगाची लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेत घेतलेल्या लसीनं तो टळतो.

आजोबांवर रागावू नका, त्यांच्या वेळी पोटात १४ इंजेक्शनं घ्यायला लागायची, त्या भीतीनं माणसं चुन्यावरच भागवायची. आता दंडात देतात, हे मोठ्या अक्षरात लिहा, तुमच्या वयाची मुलंसुद्धा त्याच भीतीनं चावलेलं घरी लपवतात. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं आणखी एक औषध असतं, इम्युनोग्लोब्युलिन, ते लागेल का विचारायचं, असंही घाला.

तपासून कोण देणार म्हणून विचारलंय, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर किंवा सिस्टर, दोघांपैकी कुणीही पाच मिनिटं देतील, कागद घेऊन जा, फोनवर नको. तपासल्याची तारीख खाली घाला. औषधाचं नाव आणि मात्रा स्वतःच्या मनानं कधीच लिहू नका.

आणि एक तक्ता घाला. दंडातल्या लसीचे पाच डोस असतात, पहिल्या दिवसाला शून्य धरून मग ३, ७, १४ आणि २८. हे आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत, वार राहतात. पहिलं इंजेक्शन सोमवारी घेतलं तर दुसरं गुरुवारी, तिसरं पुढच्या सोमवारी, चौथं त्याच्या पुढच्या सोमवारी, मग एक सोमवार सोडून पाचवं. काही दवाखान्यांत कातडीत देतात, तिथं १४ व्या दिवसाचं नसतं, म्हणून प्रत्येक वारासमोर तारखेसाठी रिकामी चौकट सोडा आणि ती सिस्टरकडनं पेनानं भरून घ्या.